शांत आणि गप्प

वास्तविक माणूस सगळ्यात शेवटी विसरतो ते स्वतःचं नाव. सुहासिनीबाई जगदाळे ते जवळजवळ सगळ्यात आधी विसरल्या, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायचा, हे त्यांना आठवत होतं. धाकट्या सुजयला कारल्याची भाजी आवडत नाही हेही आठवत होतं, आणि सुजय तर कित्येक वर्षं टोरांटोत कारल्यावाचून सुखाने जगत होता. पण "सुहासिनीबाई" अशी हाक आली की त्या मागे वळून बघायच्या. पाठीमागे कुणी बाई उभी असेल, तिला बोलावताहेत, अशा समजुतीने. डॉक्टरांनाही ते विचित्र वाटलं. स्मृतिभ्रंशात आधी काल-परवाचं जातं, मग नातवंडांची नावं, मग मुलांची. स्वतःच्या नावाची पाळी फार उशिरा येते.

त्यांच्या मुलीने, ईप्सिताने, तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही. तिला दुसरेच व्याप होते. ती कोल्हापुरात एका कॉलेजात भूगोल शिकवायची, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, वडील जाऊन बराच काळ लोटला होता, आणि घरात आता ती आणि आई दोघीच. दिवस कलायला लागला की आईचं बिनसायचं. "मला घरी जायचंय," म्हणत ती दार धडकवायची. हेच घर आहे म्हटलं की चवताळायची. जिने मुलांवर कधी हात उगारला नाही, तिने ईप्सिताच्या दंडाला असा कडकडून चावा घेतला की बिचारी पुढचे बरेच दिवस पूर्ण बाह्यांचे कुडते घालून वर्गात जात होती. सांभाळायला ठेवलेल्या बायका एकामागून एक सोडून गेल्या. शेवटची जाताना म्हणाली, "ताई, आजी वाईट न्हाईत हो. पण माझा चष्मा फोडला त्यांनी. तुम्ही दुसरं कोणतरी बघा."

तेव्हा आईच्या डॉक्टरांनी, मानसी गुळवणींनी, 'सोबत' सुचवली.

'सोबत' म्हणजे एक खोली. घरातलीच एखादी खोली घ्यायची आणि तिचं रूपांतर करायचं. भिंतींच्या आत बारीक बारीक स्पीकर, असे की आवाज खोलीत पसरत नाही, नेमका एका माणसाच्या कानाशी येतो. छताजवळ गंधपेटी, तिच्यात मूळ वासांच्या कुप्या आणि त्यांच्या मिश्रणातून तव्यावरच्या भाकरीपासून रॉकेलपर्यंत हवा तो वास. जमिनीत ऊब आणि गारवा खेळवणाऱ्या नळ्या. वर अंथरलेला स्पर्शपट, केसाहून बारीक सुयांचा, जो हाताखाली घटकेत रेशीम होतो आणि घटकेत गोणपाट. आणि आजाऱ्याच्या मनगटावर एक पट्टी. ती नाडी मोजते, श्वास मोजते, कातडीवरचा घाम मोजते.

"तत्त्व सोपं आहे," डॉ. गुळवणी म्हणाल्या. "आठवण काही एका कपाटात ठेवलेली नसते. वास मेंदूत एकीकडे, आवाज दुसरीकडे, स्पर्श तिसरीकडे. आपल्याला आठवतं तेव्हा मेंदू ते तुकडे गोळा करून जोडतो. या आजारात तुकडे बरेच दिवस शाबूत राहतात, जोडणारा कारागीर आधी जातो. 'सोबत' ते काम बाहेरून करते. एकाच जागेचे, एकाच काळाचे वास, आवाज, स्पर्श एकदम पुढे ठेवते. आपण कुठे आहोत हे माणसाला कळलं की त्याची भीती जाते."

"पण आईचा कुठला काळ, हे यंत्राला कसं कळणार?" ईप्सिताने विचारलं.

"चाचपडत. हे देऊन बघ, ते देऊन बघ. नाडी उतरली, हातपाय आपटणं थांबलं, ओरडणं थांबलं, की तेच धरून ठेवायचं. नाही तर सोडून द्यायचं. तुमच्या आईच तिला शिकवतील. आपण फक्त धाग्याचं टोक द्यायचं, ते म्हणजे त्यांचं नाव. स्वतःचं नाव ऐकलं की झोपेतसुद्धा मेंदू कान टवकारतो. त्या क्षणी जे समोर येईल ते तो आत घेतो."

म्हणून पहिल्या दिवशी खोलीने सुहासिनीबाईंना त्यांच्या नवऱ्याच्या आवाजात हाक मारली. जुन्या व्हिडिओंवरून आवाज अगदी हुबेहूब उतरला होता. सोबत त्याच्या केसांना लावायच्या ब्रिलियंटाइनचा वास होता, स्वयंपाकघरात फोडणी बसल्याचा आवाज होता. आईला खेटून बसलेल्या ईप्सिताच्याच तोंडून 'बाबा' निघालं. सुहासिनीबाई मात्र उठून दारापाशी गेल्या आणि काळजीने म्हणाल्या, "अगं, त्या बाईंना बोलाव की कुणीतरी. ते मघापासून हाका मारताहेत."

आपल्याकडे बाईचं नाव बदलणं ही काही विशेष गोष्ट नव्हे. तबकात तांदूळ पसरायचे, नवरदेवाने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. ज्या कुणी परदेशी अभियंत्यांनी हे यंत्र बनवलं, त्यांच्या डोक्यात ही भानगड येणं शक्यच नव्हतं. एक माणूस, एक नाव, असा त्यांचा साधा हिशेब. ईप्सिताच्या मात्र लगेच डोक्यात आलं. आई नेहमी सांगायची, माहेरी मला मंजिरी म्हणत. तिने ते नाव भरलं.

मनगटावरच्या पट्टीची रेघ जराही हलली नाही. मंजिरी काय आणि टेबल काय, मेंदूला सारखंच.

"हे त्यांचं नाव नाही," डॉ. गुळवणी म्हणाल्या.

"म्हणजे? त्याही नावाचा विसर पडला?"

"विसरलेल्या नावालाही मेंदू थोडा तरी दचकतो. हे नाव त्यांचं कधीच नव्हतं. माहेरी कुणी आहे का विचारायला?"

माहेर माण तालुक्यात, खडकओढ्याला. आई तिकडे फारशी जात नसे आणि मुलांना तर तिने नेलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. ईप्सिता एसटीने निघाली. गाडीला आता ड्रायव्हर नव्हता, पण तिकिटासाठी भांडणारे प्रवासी जुनेच होते. दोन्ही बाजूंच्या उघड्या माळांवर, पूर्वी जिथे मेंढरं चरायची तिथे, सौरपाट्यांचं पीक आलं होतं. आईची थोरली बहीण अनुसया तेवढी अजून हयात होती. डोळे गेले होते, कान शाबूत होते. तिने ईप्सिताच्या तोंडावरून हात फिरवला आणि हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.

"मावशी, आईचं माहेरचं नाव काय होतं गं?"

म्हातारीने तिचा हात सोडला. "सुहासिनी की," म्हणाली.

"ते सासरचं. त्याच्या आधीचं."

"त्या नावाचं तुला काय करायचंय? तिनं मला आयची आन घातली हुती. पोरांच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाय म्हनून."

"मावशी, तिला तिचं स्वतःचं नाव कळेनासं झालंय. संध्याकाळ झाली की ओरडते, रडते, घरी न्या म्हणते. कुठल्या घरी ते आम्हाला कळत नाही."

अनुसयाने पदराने तोंड पुसलं. "आमी चौघी बहिनी. पाचवी ती झाली. आमच्या आजीनं तिचं त्वांड बी बघितलं न्हाय. म्हनली, हिचं नाव नकुसा ठेवा. म्हंजी देवाला कळंल, आता पोरी नगं. आन् लागू पडलं बघ! तिच्या पाठीवर दत्तू झाला."

ईप्सिताने तो शब्द ऐकला, पण तो नाव म्हणून कानात शिरायला वेळ लागला. नकुसा. नको असलेली. वर 'लागू पडलं' हे मावशीने अजूनही कौतुकाने म्हटलं होतं.

"साळंत मास्तर हजेरी घ्यायला लागला की पोरं फिदीफिदी हसायची," मावशी सांगत होती. "लगीन ठरलं तवा तिनं तुझ्या बापाला चोरून निरोप धाडला. दागिना नगं, लुगडं नगं, पर तांदळात नाव चांगलं घाला. त्यानं सुहासिनी घातलं. तर ही तबक मांडीवर घिऊन बसली, कुनाला हात लावू दीना. पुसू नगा म्हनली."

ईप्सिता एकदम उठून बाहेर अंगणात गेली. लहानपणापासून तिला स्वतःच्या नावाचा राग होता. कुणाला लिहिता येत नसे, कुणाला म्हणता येत नसे. एकदा तिने चिडून आईला विचारलं होतं, साधं मीना, टीना काहीतरी का नाही ठेवलंस? आई म्हणाली होती, अर्थ बघ की त्याचा. ईप्सिता म्हणजे हवीहवीशी. त्यावर तिने, मग मी काय करू, असं म्हणून पाय आपटले होते. आता खडकओढ्याच्या अंगणात उभी राहून ती रडली, अगदी पोटातून रडली.

निघताना तिने मावशीला एक विनंती केली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या घरातली हाक मिळाली तर फार बरं होईल. "आजी तिला कशी हाक मारायची, ते म्हणून दाखवशील?"

"आमची आय व्हय?" मावशीने घसा खाकरला, मान ताठ केली, आणि तिच्या तोंडून कुणी भलतीच बाई बोलली. "नकुसेऽ! ए नकुसे! मेलीस का कुठं?"

ईप्सिताच्या फोनने ते टिपून घेतलं.

टिपलं, पण वापरलं नाही. आईने जन्मभर घासून घासून पुसलेलं नाव तिच्याच मुलीने तिच्या अंगावर पुन्हा का गोंदायचं? सुजयला ते पटेना. त्याचा कॉल आला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याचा चेहरा उमटला की दर वेळी तोच विषय. "ताई, तुला ऐकायला कसं वाटतं हा प्रश्नच नाहीये. तिला बरं वाटतंय का, एवढंच बघायचं. तिला त्या शब्दाचा अर्थ थोडाच आठवणार आहे?"

"तू ये आणि मार हाक," ईप्सिता म्हणाली. त्यावर त्याने कॉल बंद केला, पण विषय संपला नाही.

तो संपवला आईनेच. एका संध्याकाळी, घरी न्या म्हणून आक्रोश चालला असताना, तिने गॅसवरचं कढत आमटीचं पातेलं उचललं आणि फेकलं. ईप्सिताची मान आणि खांदा भाजला. आईचीही बोटं पोळली, आणि पोळलेली बोटं धरून ती फाटकाबाहेर रस्त्यावर पळाली. एका मोटारीने आपण होऊन ब्रेक लावला म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात ईप्सिताने खोलीला ते नाव दिलं. मावशीने मारलेली हाकही दिली.

"नकुसे," भिंत म्हणाली.

आईची तडफड थांबली. एखादा नळ बंद करावा तशी थांबली. खांदे खाली आले, हात मांडीवर गेले, तोंड मिटलं. मनगटावरचे आकडे रंगात दाखवणारी भिंतीवरची दिव्याची पट्टी, जी इतके दिवस लाल आणि नारिंगी यांच्यात हेलकावे खात होती, ती हिरवी झाली.

यंत्राला टोक सापडलं आणि त्याने भराभर धागा ओढायला सुरुवात केली. चुलीच्या धुराने नाडी उतरते? मग धूर. शेळीच्या वासाने? मग शेळी. गादीपेक्षा गोणपाटावर हालचाल कमी होते? मग गोणपाट. रोज काहीतरी नवं हाती लागत होतं आणि रोज आलेख अधिक हिरवा होत होता. संध्याकाळ येऊ लागली आणि सरळ निघून जाऊ लागली. नवी ठेवलेली बाई टिकली. डॉ. गुळवणींनी परवानगी मागून तो आलेख एका परिषदेत दाखवला. सुजयला तो टोरांटोत फोनवर दिसायचा, आणि तो रोज सकाळी ताईला फुलांचं चित्र पाठवायचा.

आणि ईप्सिता? ती झोपली. कित्येक महिन्यांनी पोटभर झोपली. मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला जाऊन आली. काही गोष्टी तिला दिसत होत्या, नाही असं नाही. आई आता खुर्चीवर बसत नव्हती, जमिनीवर बसायची. कोल्हापुरातली उभी हयात पुसून तिच्या तोंडी व्हय-न्हाय आलं होतं. ताट वाढलं तरी सगळ्यांचं उरकल्याशिवाय घासाला हात लावत नव्हती, आणि मग ज्याच्या ताटात काही उरलं असेल तेच खायची. पण शांत आहे ना, मग असू दे, असं ईप्सिता स्वतःला समजावायची. दमलेल्या माणसाला एवढं समजावणं पुरतं.

एके दिवशी कॉलेजातली परीक्षा ऐन वेळी रद्द झाली आणि ती दुपारीच घरी आली. बाई बाहेर व्हरांड्यात फोनवर मालिका बघत बसली होती. खोलीत कुणी बसायची गरजच उरली नव्हती. ईप्सिताने चपला काढल्या आणि हलकेच दार ढकललं.

धुराचा वास आला, त्याखाली रॉकेलचा आणि ओल्या लेंड्यांचा. उजेड विझत आल्यासारखा होता, जमीन गार होती. आई कोपऱ्यात होती. गुडघे छातीशी घेतलेले, आणि स्वतःचा तळहात तोंडावर इतका घट्ट दाबलेला की बोटांची नखं पांढरी पडली होती. ईप्सिता तिच्याजवळ वाकली तेव्हा तिच्याही कानाला तो आवाज लागला. तो मावशीने काढून दाखवलेला, आजीचा आवाज होता.

"हालू नगंस. पाव्हनं हायती. तुझं त्वांड दिसलं तर बघ. हुंकार आला तर बघ."

ही वाक्यं मावशीने म्हटलेली नव्हती. ती कुणीच म्हटलेली नव्हती. यंत्राने एका हाकेवरून आवाज उचलला होता आणि मग हे म्हणून बघ, ते म्हणून बघ करत, जी वाक्यं सगळ्यात लागू पडली ती ठेवली होती. भिंतीवरची पट्टी हिरवीगार होती.

"आई!" ईप्सिताने तिचे खांदे धरले. आईने वर पाहिलं नाही. साडी खाली ओली झाली होती, केव्हाची कोण जाणे. तळहाताआडून ती पुटपुटली, "म्या न्हाय बोलले. म्या कायबी न्हाय बोलले."

ईप्सिताने भिंतीतली तार हाताने उपटली.

डॉ. गुळवणी त्याच दिवशी आल्या. सगळ्या नोंदी त्यांनी दोन-दोनदा पाहिल्या, आणि मग त्या बोलल्या त्या मान खाली घालूनच. "घाबरून पळणाऱ्या जनावराची नाडी वाढते. पण ज्याला पळायला वाटच नाही, ते दबून बसतं. गवतात ससा दबून बसतो ना, तसं. तेव्हा नाडी वाढत नाही, उलट मंदावते. श्वास कमी होतो. हालचाल बंद. आपण यंत्राला नेमकं हेच बघायला सांगितलं होतं."

"आणि घाम? तो मोजत होतं ना ते?"

"त्यांच्या वयाच्या कातडीला घाम फार येत नाही. तो आकडा भरवशाचा नाही म्हणून यंत्राने त्याच्याकडे लक्ष देणं कमी केलं."

"म्हणजे शांत कोण आणि गप्प कोण, यातला फरकच त्याला कळला नाही?"

"नाही कळला." डॉक्टरांनी नोंदी बंद केल्या. "मलाही नाही कळला. मी तो आलेख मिरवला."

ईप्सिताला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्या आलेखाच्या जिवावर ती स्वतः किती गाढ झोपली होती, ते तिला माहीत होतं.

खोली बंद झाली. स्पर्शपट गुंडाळला, कुप्या काढल्या, खिडकी उघडी ठेवून ईप्सिताने आईची जुनी कॉट परत मांडली. संध्याकाळी आई पुन्हा ओरडेल, चावेल, दार धडकवेल, याची ती वाट बघू लागली. खरं सांगायचं तर तिला त्याची आशा होती. आई ओरडली नाही. कॉटवर बसवलं की उतरून कोपऱ्यात जाऊन बसायची.

"आई, जेव." काही नाही. "सुहासिनी." काही नाही. ईप्सिताने वडिलांचा फोटो दाखवला, लग्नातला व्हिडिओ लावला, ज्यात एक पोरगेलीशी नवरी तबकावर वाकली होती. आई भिंतीकडे बघत राहिली. घास ओठांशी नेला तर ओठ घट्ट मिटायची.

"या आजारात नवं काही शिकता येत नाही, असं आपण समजतो," डॉ. गुळवणींनी फोनवर सांगितलं. "ते खरं नाही. नवी माहिती राहत नाही. भीती मात्र शेवटपर्यंत शिकता येते. ती जुनी पायवाट जवळजवळ बुजली होती. आपण इतके आठवडे रोज तिच्यावरून चालून तिचा हमरस्ता केला. बाकीच्या वाटा आधीच गेलेल्या होत्या, त्यामुळे आता..."

"आता ती तिथेच राहणार?"

"मला तसंच वाटतं. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

आई वाळत चालली. दवाखान्यात सलाईन लावलं तर तिने सुई काढून उशीखाली लपवली. नर्स रागावली तेव्हा दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मोठ्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालायची म्हटलं, आणि त्यासाठी हात बांधावे लागतील असंही सांगितलं. ईप्सिताने सही केली नाही आणि आईला घरी आणलं. सुजय भिंतीवर रडत होता. "ताई, ती एका नावाला ओ देते. तुला माहितीये ते. का तिला उपाशी मारतेस?"

"ते मी म्हणणार नाही."

"मग काय करणार आहेस?"

सगळ्या जगाने आईला तसं म्हटलं होतं, देवाला ऐकू जावं म्हणून म्हटलं होतं. एका माणसाने तांदळात अंगठी फिरवून ते थांबवलं होतं. तो माणूस गेला होता, आणि आता आईला उरलेली एकुलती एक जागा म्हणजे ईप्सिताचं तोंड. त्यातूनही तोच शब्द निघायचा असेल तर आईने काय मिळवलं? हा विचार अगदी खरा होता. आणि कोपऱ्यात आईच्या गळ्याची हाडं दिसत होती, तेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ईप्सिताने वांग्याचं भरीत केलं, भाकऱ्या केल्या, अंडी उकडली, लोण्याचा गोळा काढला. एकच ताट वाढलं, भरपूर वाढलं, आणि ते घेऊन ती आईसमोर जमिनीवर बसली. आईला वाढायचं नाव काढलं नाही. स्वतः जेवायला लागली. आई तोंड फिरवून बसली होती, पण प्रत्येक घासाबरोबर तिचा गळा हलत होता. उपाशी आईच्या समोर बसून जेवणं इतकं अवघड असेल असं ईप्सिताला वाटलं नव्हतं. घास फिरत होता आणि ती तो पाण्याबरोबर ढकलत होती.

अर्धी भाकरी खाऊन ती थांबली. भरीत जवळजवळ तसंच होतं. एक अंडं सोलून, फक्त कड खाऊन ठेवलं होतं, म्हणजे ते उष्टं दिसावं. लोण्याला तिने नुसतं बोट लावलं होतं.

"माझं झालं," ती म्हणाली. आई हलली नाही.

"सगळ्यांचं झालं." आईने हळूच मान वळवली आणि ताटाकडे पाहिलं.

ईप्सिताने डोळे मिटले. "नकुसा," ती म्हणाली. तिने ते जितक्या मायेने म्हणता येईल तितक्या मायेने म्हटलं, पण शब्दाचा अर्थ मायेने बदलत नाही. "नकुसा, ये. जेवून घे."

आई आली. बसल्या बसल्या सरकत आली, ताट ओढून मांडीशी घेतलं आणि खायला लागली. भराभर, मान न उचलता, डाव्या हाताने ताटाची कड घट्ट धरून. भरीत संपलं. अंडं तिने दोन घासांत संपवलं. लोण्यापाशी ती अडली, आणि पहिल्यांदाच तिने ईप्सिताच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे ऱ्हायलंय तुमचं."

"मला नको. तू खा."

"रागं भरतील."

"कोणी नाही रागवणार. मी सांगेन त्यांना."

आईने लोणी चाटलं आणि बोटंही चाटली. मग ती जरा सावरून बसली. अंदाज घेत असल्यासारखी तिने खोलीकडे, खिडकीकडे, फरशीकडे पाहिलं. हे घर तिने स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं, एकेक फरशी निवडली होती.

"तुमी लई चांगल्या हाय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हितं ठिवून घ्याल का मला? म्या समदं काम करीन. आवाज न्हाय करनार."

ईप्सिताने मान डोलावली. होय, ठेवून घेते.

आईचा चेहरा खुलला. तिने पदर खोचला, ताट उचललं आणि ते घासायला ती मोरीकडे गेली, पायांचा आवाज होऊ न देता.